हौशी लेखकाचा नवस

यात्रेस जाणाऱ्या लोकांचे आपल्याकडे तीन वर्ग सांगतात: हौसे, नवसे आणि गवसे. हौशाला यात्रेंतला आनंद हवा असतो. नवशाला देवीकडे कांहीं मागावयाचें असतें, किंवा मागून मिळालेलें फेडावयाचें असतें. आणि गवसा गर्दींत कांहीं हातीं लागतें का, हें पाहावयास आलेला असतो. ज्यांच्या जिल्ह्यांतच तुळजापूर आहे, त्यांना हे तिन्ही वर्ग ओळखावयास शिकवावें लागत नाहीं. साहित्याच्या यात्रेंतहि हेच तीन वर्ग असतात. परंतु तेथें एक चमत्कारिक प्रकार घडतो. माणूस घरून हौशी म्हणून निघतो आणि अर्ध्या वाटेंत नवसा होतो. हा पालट कसा होतो, आणि त्यांत नुकसान कोणाचें होतें, याचा विचार वाचकांपुढें मांडावा म्हणून हा लेख.

गेल्या मार्गशीर्षांत वेळा अमावास्येच्या दिवशीं, जिला आमच्या भागांत येळवस म्हणतात, मी धाराशिव तालुक्यांतील बेंबळी या गांवीं एका जुन्या विद्यार्थ्याच्या शेतांत जेवावयास गेलों होतों. कडब्याची कोप, कोपींत मांडलेले पांडव, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे असें सर्व यथासांग झालें. जेवणें आटोपल्यावर यजमानानें खिशांतून चौपदरी घडी केलेला एक कागद काढला आणि "सर, येत्या वर्षाचा लेखनसंकल्प आहे, जरा पाहा," म्हणून माझ्या हातीं दिला. हा गृहस्थ एका सहकारी सोसायटीचा सचिव. वय चाळिशीचें. पंधरा वर्षें हौसेनें लिहीत आहे, आणि त्याच्या दोन-तीन गोष्टी मला खरोखर आवडलेल्या आहेत.

कागदावर सात कलमें होतीं. रोज एक हजार शब्द, तीनशें पानांची एक कादंबरी, शंभर कविता, दरमहा एक याप्रमाणें बारा कथा, पांच दिवाळी अंकांत नांव, स्वखर्चानें का होईना, पण एक कवितासंग्रह, आणि निदान एक पुरस्कार. मीं विचारलें, "कादंबरी कशाविषयीं?" तो किंचित् ओशाळून म्हणाला, "तें अजून ठरायचें आहे, सर."

माझ्या तक्रारीचें सर्व सार त्या एका उत्तरांत आहे. "किती" हा शब्द त्या कागदावर सात वेळां होता आणि "काय" हा शब्द एकदाहि नव्हता. घरोघरीं सत्यनारायणाच्या वेळीं गुरुजी यजमानाकडून संकल्प सोडवितात, तो आपण सर्वांनीं ऐकला आहे. त्यांत देश उच्चारावा लागतो, काल उच्चारावा लागतो, करणाऱ्याचें नांव-गोत्र उच्चारावें लागतें. मी कोण, कोठें बसलों आहें, आणि कोणत्या वेळीं हें कर्म करीत आहें, हें सांगितल्यावांचून हातावरचें पाणी सुटत नाहीं. माझ्या विद्यार्थ्याच्या कागदांत देश नव्हता, काल नव्हता आणि करणाराहि नव्हता. तोच कागद नागपूरच्या, बेळगांवच्या किंवा न्यू जर्सींतल्या कोणाहि मराठी माणसाला एक अक्षर न बदलतां चालला असता. तेव्हां त्यास संकल्प कसें म्हणावें? तो नवस होता. पुरस्कार परीक्षकांच्या हातीं, दिवाळी अंक संपादकाच्या हातीं. आपण फक्त इतकीं पानें वाहूं, आणि देवी प्रसन्न झाली तर झाली!

येथें माझ्याच व्यवसायांतील कांहीं मंडळी संतोषानें मान डोलावतील. त्यांचें म्हणणें असें कीं, या हौशी लोकांनीं लिहूंच नये. त्यांच्यामुळें साहित्यांत तण माजतें. या पंडितांशीं माझें मुळींच जमत नाहीं. मराठी गद्यांतून हौशी माणसांचें लेखन वगळावयाचें ठरविलें, तर आपल्या हातीं काय उरेल, याचा त्यांनीं विचार केलेला दिसत नाहीं. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक. घरचें कर्ज फिटावें म्हणून दक्षिणेच्या आशेनें ते उत्तरेकडे गेले, १८५७ च्या धामधुमींत सांपडले आणि झांशीच्या वेढ्यांतून जीव वांचवून घरीं आले. पुढें १८८३ च्या सुमारास त्यांनीं तें सर्व लिहून काढलें आणि "माझा प्रवास" म्हणून तें १९०७ सालीं छापलें गेलें. त्रिंबक नारायण आत्रे हे मुलकी खात्यांतले नोकर. गांवोगांव फिरतांना पाटील-कुळकर्णी, बलुतेदार, कूळ आणि सावकार यांचे जे व्यवहार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले, त्यांतून १९१५ सालचा "गांवगाडा" उभा राहिला. हे दोघेहि पोटासाठीं लिहिणारे लेखक नव्हते. तरीहि झांशीविषयीं किंवा जुन्या खेड्याविषयीं बोलावयाचें तर आज कोणाहि अभ्यासकाला त्यांच्या दारांत जावें लागतें. कारण त्यांनीं जें लिहिलें, तें त्यांच्यावांचून दुसऱ्या कोणाला लिहितां आलें नसतें.

तेव्हां हौसेविरुद्ध माझें कांहींच म्हणणें नाहीं. माझें भांडण आहे तें हौसेला जडलेल्या मोजणीच्या रोगाशीं. हा रोग आपल्याच देशांतला आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंत १९९९ सालीं एकवीस हौशी मंडळींनीं एका महिन्यांत कादंबरी लिहिण्याचा खेळ आरंभिला. पुढें त्याची मोठी संस्था झाली आणि नोव्हेंबरच्या तीस दिवसांत पन्नास हजार शब्द लिहिण्याचा नेम जगभर लक्षावधि लोकांनीं धरला. २०२५ सालीं ती संस्था बंद झाली. तिच्यामुळें अनेकांची लेखणी चालूं लागली, हें मी नाकारीत नाहीं. परंतु पन्नास हजार हा आंकडा वहीचें माप आहे; वहींत काय भरावें, हें तो सांगत नाहीं.

माझ्या विद्यार्थ्याजवळ याला एक उत्तर तयार होतें, आणि तें मींच त्याला पूर्वीं वर्गांत शिकविलेलें असल्यामुळें मला टाळतां येईना. "सर, ट्रोलप घड्याळ पुढें ठेवून लिहीत होता ना?" गोष्ट खरी आहे. अँथनी ट्रोलप हा इंग्लंडच्या टपालखात्यांतला अधिकारी. भल्या पहांटे उठून, कचेरीस जाण्यापूर्वीं, दर पाव तासास अडीचशें शब्द या वेगानें तो लिहीत असे. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत त्यानें हें अभिमानानें सांगितलें आहे. परंतु त्याच आत्मचरित्रांतली दुसरी हकीकत आपण विसरतों. टपालाच्या कामावर हिंडत असतां तो साल्झबरीस गेला, तेथील प्रार्थनामंदिराभोंवतीं उन्हाळ्याच्या संध्याकाळीं फिरला, आणि तेथें त्याला "वॉर्डन" या कादंबरीची कल्पना सुचली. पुढची बार्चेस्टरची सारी सृष्टि तीमधून निघाली. घड्याळ हें विहिरीवरचें रहाट आहे. विहिरींत पाणी असेल तर रहाटाचा उपयोग. कोरड्या आडावर तें कितीहि फिरविलें तरी पोहरा रिकामाच वर यावयाचा. ट्रोलपचें घड्याळ आपण उचललें आणि साल्झबरी तेवढें विसरलों!

हौशी माणसाला नवसा कोण करतो, हेंहि सांगितलें पाहिजे. २०२० च्या जानेवारींत याच शहरांत, तेव्हांच्या उस्मानाबादेंत, त्र्याण्णवावें अखिल भारतीय साहित्यसंमेलन भरलें. आमच्या उपेक्षित भागांत एवढा मोठा सोहळा झाला याचा आनंद मलाहि झाला. परंतु अशा मांडवांतून परत येतांना खेड्यांतला तरुण लेखक बरोबर काय आणतो? पुष्कळदां तो व्यासपीठाचें स्वप्न आणतो. पुढें पुरस्कारांच्या जाहिराती, प्रवेशशुल्क, शालश्रीफळ, आणि लेखकाकडूनच पैसे घेऊन त्याचें पुस्तक छापणारी मंडळी, हा सारा बाजार त्याची वाट पाहात उभा असतो. या बाजारांत पुस्तकांची संख्या विचारतात, म्हणून तोहि संख्या मोजूं लागतो. पोटासाठीं लिहिणाऱ्याला हें कदाचित् क्षम्य असेल. त्याला चूल आहे, मुदत आहे. हौशी लेखकाची चूल सोसायटीच्या पगारावर पेटते. त्याच्यापुढें संपादकाची मुदत नाहीं, प्रकाशकाचा तगादा नाहीं. एका गोष्टीसाठीं तीन वर्षें थांबण्याची जी चैन मोठमोठ्या लेखकांना परवडत नाहीं, ती त्याला फुकट मिळालेली आहे. ती त्यानें आपल्या हातानें सोडून द्यावी, हें मला पाहवत नाहीं.

मग त्यानें काय लिहावें? त्याच्या शिवारांतच काय काय पडलें आहे, हें त्याला दाखवावें लागावें, हीच खेदाची गोष्ट आहे. हा प्रांत १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू, सरकारदरबारची भाषा उर्दू. सामान्य मराठी माणसानें त्या काळीं काय भोगलें, तें फार थोडें लिहिलें गेलें. रझाकारांचे दिवस ज्यांनीं जाणतेपणीं पाहिले, तीं माणसें आज नव्वदीच्या घरांत आहेत. १९७२ च्या दुष्काळांत ज्यांनीं खडी फोडली, मिलोच्या भाकरी खाल्ल्या, सुकडीसाठीं रांगेंत ताटें धरलीं, तीं सत्तरी ओलांडून गेलीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपति बोळवून लोक निजले असतां, पहांटे चारच्या सुमारास भूमि हालली आणि लातूर-उस्मानाबादेंत माळवदाखालीं हजारों माणसें गेलीं. तें माळवद कसें घालीत, त्यावर दरसाल माती कां चढवीत, आणि त्या भूकंपानंतर माळवदाखालीं निजावयास माणसें किती वर्षें भीत होतीं, हें सांगणारे अजून पुष्कळ आहेत. आणखी वीस वर्षांनीं नसतील. ज्वारीच्या जागीं सोयाबीन आलें, त्याबरोबर खळें गेलें, मळणी गेली, आणि त्या कामांचे शेंकडों शब्दहि जिभेवरून उतरूं लागले. सोसायटीच्या कर्जाच्या वहींतून तर माझ्या विद्यार्थ्याच्या टेबलावर दर हंगामांत अर्धा गांव येऊन बसतो. कोण कशासाठीं उसनें घेतो, कोणाची मान खालीं जाते, कोण मुलीच्या लग्नाचा खर्च खतांत दाखवितो, हें त्याच्याइतकें कोणा कादंबरीकाराला ठाऊक आहे?

यावर कोणी म्हणेल कीं, तुम्ही लेखकाला कारकून करूं पाहतां, कल्पनेला कोंडतां. मुळींच नाहीं. रा. रं. बोराडे यांची १९७१ सालची "पाचोळा" ही कादंबरीच पाहा. ती एका खेड्यांतल्या शिंपी कुटुंबाची कथा आहे आणि घरधनीण ती आपल्या मराठवाडी बोलींत सांगते. तें कुटुंब कल्पित आहे. परंतु ती बोली, तें शिवणयंत्र, ती भाऊबंदकी, यांपैकीं कांहींहि हवेंतून आणलेलें नाहीं. कल्पनेला उभें राहावयास जमीन लागते, इतकेंच माझें म्हणणें आहे. प्रेमकविता लिहावयाच्या असल्या तरी बेंबळीच्या माणसानें आपल्या प्रेमाच्या लिहाव्या; चित्रपटांतल्या प्रेमाच्या लिहिणारे दुसरे पुष्कळ आहेत.

हा उपदेश मी कोरड्या पायांनीं करीत नाहीं. माझ्या कपाटांत तीस वर्षांच्या रोजनिश्या आहेत आणि बहुतेकींच्या पहिल्या पानावर असाच एक सात कलमी नवस लिहिलेला आहे. त्याच तीस वर्षांत आमच्या आत्याबाई आमच्या घरीं होत्या. १९४८ च्या उन्हाळ्यांत तेरा वर्षांची पोर असतांना त्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन रात्रीं सरहद्द ओलांडून बार्शीकडे गेल्या होत्या. संध्याकाळीं भाजी निवडतांना त्या वाटेच्या गोष्टी निघत. मी मनाशीं म्हणें, एकदां हें सारें नीट विचारून लिहून घेतलें पाहिजे. पण त्या वर्षींचे हजार शब्द रोज पुरे करावयाचे असत! चार वर्षांपूर्वीं आत्याबाई गेल्या. त्या रात्रीं त्यांच्याबरोबर कोण होतें, वाटेंत कोणाच्या गोठ्यांत लपल्या, पायांत कांहीं होतें कीं नव्हतें, यांतलें आज मला कांहींहि सांगतां येत नाहीं. माझ्या नांवावर चार पुस्तकें आहेत. त्यांतलीं तीन कोणी वाचलीं नसतीं, तरी कोणाचें कांहीं बिघडलें नसतें.

याच जिल्ह्यांत तेर आहे. तेथल्या गोरोबाकाकांनीं थापटण्यानें संतांचीं डोकीं वाजवून कोणतें मडकें कच्चें, कोणतें भाजलेलें, हें पाहिलें, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. त्यांनीं कोणाचे अभंग मोजले नाहींत. मोजले असते तर नामदेव कच्चे ठरलेच नसते! आणि स्वतः गोरोबांच्या नांवावर मिळणारे अभंग फार थोडे आहेत. चाक आणि भट्टी सांभाळून जेवढे झाले तेवढे. सातशें वर्षांनंतर आजहि ते म्हटले जातात.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यास मीं तो कागद परत केला आणि त्याच्या पाठीवर नवा संकल्प लिहावयास सांगितला. देश: बेंबळी. काल: हें एक वर्ष. कर्ता: सोसायटीचा सचिव, अमक्याचा मुलगा. कर्म एकच, आणि तें असें असावें कीं, आपण न केलें तर दुसरा कोणी करणार नाहीं. शब्द रोज हजार होवोत कीं पन्नास. त्यानें बराच वेळ कागदाकडे पाहिलें आणि विचारलें, "आणि वर्षभर एकाच गोष्टीच्या मागें लागलों आणि ती साधलीच नाहीं तर, सर?"

प्रश्न रास्त होता. मीं त्याला सांगितलें कीं, फसलेल्या लेखनाच्या टांचणांतहि चार म्हाताऱ्यांचे बोल राहतील आणि ते पुढें कोणाच्या तरी उपयोगीं पडतील. शंभर कवितांच्या नवसाबद्दल मला तेवढीहि हमी देतां येत नाहीं. त्याच्या गांवांत ब्याण्णव वर्षांचे एक गृहस्थ आहेत, असें तो बोलण्याच्या ओघांत म्हणाला होता. त्यांच्याकडे कधीं जाणार, एवढेंच मीं निघतांना विचारलें. तो म्हणाला, "उद्यां सकाळीं जातों."