आपल्याही कुटुंबाला सहल हवी



आपल्या घरात 'गावाला जाणे' म्हणजे काय असते? लग्न, दहावा, दवाखाना, कोर्टाची तारीख, नाही तर उसाची तोड. वर्षातून एकदा चैत्यभूमी किंवा दीक्षाभूमी. बाबासाहेबांच्या दर्शनाला जाणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु नवरा, बायको, मुले आणि म्हातारी माणसे यांनी काही काम नसताना, केवळ विसाव्यासाठी दोन दिवस घराबाहेर राहावे, ही गोष्ट आपल्या शंभर घरांपैकी किती घरांत घडली असेल? ज्याने त्याने आपल्या घराकडे पाहून उत्तर द्यावे.

गेल्या मे महिन्यात, बुद्ध पौर्णिमेनंतरच्या अंधाऱ्या पंधरवड्यात, आमच्या कड्यातील सात कुटुंबे भंडारदरा धरणाच्या काठी तंबूत दोन रात्री राहून आली. लहानमोठी मिळून चोवीस माणसे. त्या सहलीचा हिशेब आणि त्यामागचा विचार या अंकात मांडतो आहोत.

बेत निघाला तेव्हा विहारात पहिला विरोध केला तो एका आजींनी. त्यांचे शब्द असे होते, "पैसं देऊन कोपीत झोपायचं? आमचा जलम गेला की कोपीत!" सगळे हसले. परंतु आजींचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. आष्टी, पाटोदा, शिरूर या भागातील माणूस दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन टोळीबरोबर निघतो. नवरा-बायकोचा एक कोयता. पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने संसार. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, दिवसभर मोळ्या वाहायच्या, रात्री-अपरात्री गाडी भरायची. तान्ही मुले फडाच्या बांधावर. उघड्यावर राहणे हा ज्याचा नाइलाज होता, त्याला उघड्यावर राहण्याची हौस कशी कळावी?

आम्ही आजींना एवढेच म्हणालो, "कोपीत तुम्ही मुकादमाच्या शिट्टीवर उठत होता. इथे कोणी उठवणार नाही." आजी गप्प झाल्या. आठ दिवसांनी त्यांच्या घरचे पन्नास रुपये आले.

विसावा ही श्रीमंतांची मिरास आहे असे मानणाऱ्यांनी बाबासाहेबांचे काम आठवावे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. त्याच काळात कामाचे तास कमी करण्याचा प्रश्न धसास लागला आणि १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामगाराला पगारी रजेचा कायदेशीर हक्क मिळाला. कामगार हे काही यंत्र नाही, त्याला घर आहे, मुलेबाळे आहेत, त्यांच्यासाठी त्याला वेळ मिळाला पाहिजे, हेच त्या कायद्याचे तत्त्व. आज ज्यांना पगारी रजा आहे त्यांनी ती घरच्यांसाठी वापरावी, आणि ज्यांना नाही, म्हणजे आपल्या ऊसतोड भगिनींना, ती मिळावी म्हणून झगडावे. दोन्ही कामे एकाच वाटेवरची आहेत.

आता सहलीच्या ठिकाणाविषयी. भंडारदरा हे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कुशीत आहे. इंग्रज सरकारने प्रवरा नदीवर १९१० साली येथे धरणाचे काम सुरू केले आणि ते १९२६ साली पूर्ण झाले. मुंबईचे त्या वेळचे गव्हर्नर विल्सन यांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हणतात. उंची सुमारे ८२ मीटर. पाणीसाठा सुमारे ११ अब्ज घनफूट, म्हणजे लोक म्हणतात तसे ११ टीएमसी. सभोवार कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १६४६ मीटर, इथून जवळच. मुलूख महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी बांधवांचा. धरणाच्या फुगवट्याच्या काठाने अनेक आदिवासी कुटुंबे आपल्या शेतात तंबू लावून देतात आणि त्यावर चार पैसे मिळवतात.

कड्याहून जाण्यास अडचण नाही. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळाले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडपर्यंत गेली. नगरला उतरायचे, तेथून एस.टी.ने संगमनेर, अकोले, राजूर करीत धरणाजवळच्या शेंडी गावी पोहोचायचे. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत. घरातल्या बायका, मुले, म्हातारी बरोबर असली की खर्च वाढतो असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

हिशेबाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. दर रविवारी वंदना झाल्यावर घरटी पन्नास रुपये जमा करायचे असे ठरले. चाळीस आठवडे, सात घरे, एकूण १४,००० रुपये. उसाला गेलेल्या दोन घरांनी परतल्यावर एकरकमी भरले. प्रवासाला ७,६०० रुपये गेले. सात तंबूंचे दोन रात्रींचे ४,२०० रुपये. दूध, भाजी, सरपण वगैरे १,२०० रुपये. पीठ, डाळ, तांदूळ, चटणी घरून नेले होते. उरलेले १,००० रुपये विहाराच्या ग्रंथालयात जमा केले आणि हिशेब फळ्यावर लिहिला. पत्त्याच्या एका बैठकीत किंवा गुत्त्यावर याहून जास्त पैसे जातात, हे सर्वांना ठाऊक आहे.

जागा ठरवताना आलेला एक अनुभव नोंदवणे भाग आहे. एका ठिकाणी फोन केला तेव्हा तारीख विचारण्याच्या आधी आडनाव विचारले गेले, आणि आडनाव ऐकल्यावर जागा शिल्लक नसल्याचे समजले. आम्ही वाद घातला नाही, दुसरीकडे फोन लावला. तिकडून एका आदिवासी शेतकरी भगिनीने विचारले, "माणसं किती, अन् लेकरं किती?" आम्ही तिच्याकडे गेलो.

निघण्यापूर्वी विहारात चार नियम केले. पहिला, दारू नाही आणि तंबाखू नाही. पंचशील घेतलेल्या माणसाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी, पण सांगितलेले बरे. दुसरा, धरणाच्या पाण्यात कोणी उतरायचे नाही. तिसरा, नेलेला कचरा पिशवीत भरून परत आणायचा. चौथा नियम तरुण मंडळींनी सुचवला आणि पुरुषांनी जरा कुरकुरत मान्य केला. या दोन दिवसांत बायकांनी चुलीला हात लावायचा नाही. स्वयंपाक, भांडी, पाणी हे सगळे पुरुषांकडे.

पहिल्या संध्याकाळी पुरुषांनी थापलेल्या भाकरीचे तव्यावर तुकडे झाले. पिठले मात्र झकास जमले. बायका काठावर सतरंजी टाकून बसल्या होत्या. एक भगिनी दर पाच मिनिटांनी उठून चुलीकडे येई आणि मुले तिला परत नेऊन बसवीत. लग्नाला अठरा वर्षे झालेल्या त्या बाईला, हातात काम नसताना बसायचे कसे, हेच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र ती झाडाखाली तीन तास गाढ झोपली. तिच्या नवऱ्याने मुलांना गप्प बसवले. सहलीतले एवढे एकच काम साधले असते तरी पैसे वसूल झाले असे आम्ही म्हटले असते.

आता आजींकडे येऊ. धरणाच्या भिंतीकडे पाहत त्यांनी विचारले, "ह्ये पाणी जातं कुठं?" सांगितले की हे पाणी प्रवरेच्या पात्रातून ओझरच्या बंधाऱ्याला जाते, तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडच्या शिवारात. त्याच पाण्यावर तिकडे ऊस उभा राहिला. त्याच प्रवराकाठी लोणीला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखाना सुरू झाला, राज्यातील या चळवळीचा पहिला. आजी म्हणाल्या, "म्हंजी आम्ही तोडला त्यो ह्याच पाण्याचा ऊस." त्यांनी त्या भागात अकरा हंगाम काढले होते. पाणी मात्र आज पहिल्यांदा पाहत होत्या. ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या ते आदिवासी डोंगरावर राहिले, ज्यांनी ऊस तोडला ते कोपीत राहिले. पाणी कोणाचे आणि साखर कोणाची, हा धडा कोणत्याही पुस्तकापेक्षा त्या काठावर मुलांना लवकर कळला.

रात्री जेवणानंतर त्रिसरण-पंचशील झाले आणि मुलांना दोन सहलींच्या गोष्टी सांगितल्या. दोन्ही बाबासाहेबांच्या. त्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध आहेत, त्यांतील.

पहिली १९०१ सालची. भीमराव नऊ-दहा वर्षांचे. वडील कोरेगावला दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. सुट्टीत त्यांच्याकडे जाण्यासाठी मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवाले मिळेनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तेही मुलांनीच बैलगाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. रात्री टोलनाक्यावर मुक्काम पडला. डब्यांत जेवण भरपूर होते, पण पाणी कोणी देईना. मुले उपाशीच झोपली.

आठवीतल्या एका मुलीने मध्येच विचारले, "डबा होता ना, मग खाल्ला का नाही?" तिच्या आईनेच उत्तर दिले, "पाण्याबिगर घास कसा उतरायचा, बाई?" त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. पुढ्यात अकरा टीएमसीचे धरण पसरले होते.

दुसरी सहल १९३४ ची. चळवळीतील सहकाऱ्यांना सहलीची इच्छा झाली, तेव्हा वेरूळची बौद्ध लेणी पाहण्याचे ठरले. बाबासाहेबांसह तीसेक जण होते. वाटेत निजामाच्या राज्यातील दौलताबादचा किल्ला पाहण्यास थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले, म्हणून काहींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय-तोंड धुतले. लगेच आरडाओरड झाली, हौद बाटवला म्हणून जमाव अंगावर आला. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो या अटीवर की आत कुठे पाण्याला शिवायचे नाही, आणि त्यासाठी बरोबर हत्यारी शिपाई दिला गेला. दुसऱ्या धर्माचे लोकही आपल्याला अस्पृश्यच समजतात, हे त्या प्रसंगातून दिसले, असे बाबासाहेब लिहितात.

भंडारदरा धरण पूर्ण झाले १९२६ साली, आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी आपल्या माणसांना डोकी फोडून घ्यावी लागली. कोर्टकचेरी १९३७ पर्यंत चालली. म्हणून आपले कुटुंब एखाद्या तळ्याकाठी निर्धास्त बसते, ती नुसती मौज नसते. त्या जागेची किंमत आपल्या आजोबा-पणजोबांनी भरलेली आहे.

त्या रात्री काजवे पाहिले. मेअखेर ते मृगाचा पाऊस लागेपर्यंत हिरडा, बेहडा, सादडा, उंबर, जांभूळ या झाडांवर हजारो काजवे एका लयीत चमकतात. एका लहानग्याला भुतांच्या दिवट्या वाटल्या. त्याला समजावले की हे किडे आहेत, नर मादीला खूण करतो, पोटातील एका द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हा उजेड पडतो, आणि त्याला उष्णता जवळजवळ नसते. भीती गेली आणि तो मोजत बसला. अंधश्रद्धा निर्मूलनाचे व्याख्यान यापेक्षा सोपे कसे असणार?

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडक्यात सूचना. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या नाक्यावर नोंद करावी आणि परवानगीच्याच जागी राहावे. काजव्यांच्या झाडांवर बॅटरी मारू नये, फांद्या हलवू नयेत. उन्हाळ्यात पाणी ओसरते तेव्हा काठ कोरडा दिसतो, पण खाली गाळ असतो आणि पुढे एकदम खोल. पोहता येणारेही त्यात अडकतात. आमच्याकडे दर दोन तासांनी एक मोठे माणूस शिट्टी घेऊन काठावर बसे. प्यायचे पाणी उकळून घ्यावे. रात्री गार वारा सुटतो, म्हाताऱ्यांसाठी घोंगडी न्यावी.

सिद्धार्थाचा जन्म लुंबिनीच्या वनात, बोधी नेरंजरेच्या काठी पिंपळाखाली, पहिले प्रवचन सारनाथच्या मृगदावात आणि महापरिनिर्वाण शालवृक्षांखाली. झाडे, पाणी आणि मोकळे आकाश यांच्याशी धम्माचे नाते आहेच. आपल्या मुलांना ते भिंतीवरच्या चित्रात दाखवतो, एकदा प्रत्यक्षही दाखवावे.

प्रत्येक विहाराने या वर्षी अशी एक सहल काढावी. भंडारदराच हवे असे नाही, आपल्या तालुक्यातला जवळचा तलावही चालेल. जून महिन्यापासून घरटी पन्नास रुपये सुरू करा, वही घाला, हिशेब फळ्यावर लिहा. चुलीचा नियम मात्र मोडू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!