पाणी जाते कोठे?

अनगोळात उन्हाळा चढू लागला की एक चौकशी हटकून कानी येते, राकसकोपच्या जलाशयात पाणी किती उरले? अशा दिवसांत शहरातील एका खाजगी जलतरण तलावाचे पाणी रोज बोटभर खाली जाऊ लागले आणि दोष आला तो तेथील सर्वांत दुबळ्या माणसावर. गाळणी धुतल्यानंतर सांडपाण्याचा वॉल्व्ह हा रात्री उघडाच ठेवतो, असे व्यवस्थापकांनी ठरवून टाकले आणि आठ दिवसांची मजुरी कापली. या गृहस्थांची कन्या आमच्या शाळेत सातवीत शिकते. “गुरुजी, वॉल्व्ह बंद केल्याबिगर मी घराकडं जात न्हाई,” एवढेच ते मला म्हणाले.

माझा एक जुना विद्यार्थी प्लंबिंगची कामे करतो. त्याला घेऊन मी व्यवस्थापकांकडे गेलो. आधी वॉल्व्हला कुलूप घातले, किल्ली व्यवस्थापकांच्याच खिशात ठेवविली आणि तलावात नवे पाणी सोडणे थांबविले. मग त्याने तळाशी दगड ठेवलेली एक बादली तलावाच्या पायरीवर उभी केली, तलावाच्या पातळीइतकेच पाणी तीत भरले आणि दोन्हीकडे खुणा केल्या. यातील युक्ती साधी आहे. ऊन आणि वारा बादलीला व तलावाला सारखाच; तेव्हा वाफ होऊन जाणारे पाणी दोन्हींतून सारखेच उतरणार. तलाव अधिक उतरला, तर तेवढी गळती.

पंप चालू असताना २४ तासांत बादली ६ मिलिमीटर उतरली, तलाव १९. हा १३ मिलिमीटरांचा फरक दिसावयास क्षुल्लक. परंतु २५ मीटर लांब व साडेबारा मीटर रुंद तलावात त्याचे सुमारे ४,००० लिटर होतात. दुसऱ्या दिवशी पंप बंद ठेवला. बादली ६, तलाव ७. म्हणजे तलावाची टाकी शाबूत होती. पाणी जात होते ते पंपाचा दाब असतानाच, शुद्ध झालेले पाणी तलावात परत आणणाऱ्या नळांतून. सांडपाण्याच्या नळाचे तोंड दोन्ही दिवस कोरडे होते.

(मराठीत गळणे, झिरपणे आणि पाझरणे यांच्या छटा वेगळ्या आहेत. पाझराला मायेचा ओलावा असतो, गळतीला केवळ तोटा. व्यवस्थापकांना हा भेद सांगण्याचा मोह मी आवरला.)

परतीचे नळ तीन. प्रत्येकाची दोन्ही तोंडे रबरी बुचांनी बंद करून त्यात पाणी भरले आणि हातपंपाने दर चौरस इंचास १५ पौंड दाब दिला. हवेने दाब देण्याचा आग्रह एकाने धरला. पण दाबलेली हवा बूच गोळीसारखे उडविते, म्हणून विद्यार्थ्याने तो मानला नाही. दोन नळांवर दाबमापकाचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही. तिसऱ्यावर तो पाहता पाहता शून्याकडे आला. सगळी फरशी उखडण्याची भाषा चालली होती, ती तेथेच थांबली. त्या नळाच्या वळणापाशी दोन फूट खणले तो चिखल लागला. प्लॅस्टिकच्या कोपऱ्याचा सांधा सुटला होता.

घरच्या हौदाची परीक्षाही अशीच करता येते. झाकलेल्या हौदात बादलीचीही गरज नाही. रात्री खूण करावी, नळ व मोटार बंद ठेवावी आणि सकाळी पाहावे. ८ फूट लांब व ६ फूट रुंद हौदात एक इंच उतार म्हणजे ११० लिटरांहून अधिक पाणी.

सांधा दुरुस्त झाला. कापलेली मजुरी पुढच्या शनिवारी मिळाली. शब्दाने मात्र व्यवस्थापक काही बोलले नाहीत. आता ते गृहस्थ रोज पहाटे खुणेजवळ पट्टी धरून पातळी मोजतात आणि कन्येच्या जुन्या वहीत आकडा लिहून ठेवतात. कोणी सांगितलेले नाही.