गलगंड, टीएसएच आणि आपली जबाबदारी

‘डॉक्टर, मला थायरॉईड आहे’ हे वाक्य कानी न पडता एखादा दिवस जावा, असे आमच्या चिकित्सालयात आता क्वचितच घडते. वस्तुतः थायरॉईड अर्थात अवटू ग्रंथी सर्वांनाच असते. रुग्णाला सांगायचे असते ते तिच्या बिघाडाविषयी. परंतु तो बिघाड कोणता, हे न विचारताच कांचनार गुग्गुळाची डबी त्याच्या हाती देण्याची सवय आपल्या व्यवसायात रुजू पाहत आहे. तिच्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते.

गलगंड हे लक्षण आहे, संप्रेरकांचे मोजमाप नव्हे. सुश्रुताचार्यांनी गलगंडाचे वातज, कफज व मेदोज असे भेद वर्णिले, ते ग्रंथीच्या सुजेचे. तीच सूज आयोडीनच्या उणिवेत दिसते, हाशिमोटोच्या विकारात दिसते आणि ग्रेव्हजच्या विकारातही दिसते. पैकी एकात संप्रेरके कमी पडतात, तर दुसऱ्यात ती अतिरिक्त स्रवतात. उलटपक्षी, गळा पूर्णतः सपाट असूनही अवटूची क्रिया मंदावलेली असू शकते. शार्ङ्गधरांनी कांचनार गुग्गुळ गंडमाला, अपची, अर्बुद, ग्रंथी यांवर सांगितला आहे. त्याची योग्यता आम्हांस मान्य आहे. पण ‘थायरॉईडचे औषध’ असा शिक्का त्यावर ग्रंथकारांनी मारलेला नाही.

म्हणून नाडीइतक्याच आस्थेने टीएसएचचा अहवाल वाचावयास हवा. रक्तातील टी-३ व टी-४ घटले की पीयूषिका ग्रंथी अधिक टीएसएच सोडून अवटूला हाक देते. ती वाढली की ही हाक मंदावते. टीएसएच वाढलेले व टी-४ घटलेले, तर क्रिया मंद. टीएसएच दबलेले व टी-४ किंवा टी-३ चढलेले, तर क्रिया तीव्र. पहिल्यात मलावष्टंभ, शीतासहत्व, स्थौल्य व त्वग्रौक्ष्य; दुसऱ्यात हृद्द्रव, कंप, स्वेदाधिक्य व कार्श्य. दोहोंची चिकित्सा एक कशी असेल?

आता आमचीच एक चूक सांगतो. चाळिशीतील एक भगिनी थायरॉक्सिनच्या ठरलेल्या मात्रेवर अनेक वर्षे स्थिर होत्या. पांडुरोगासाठी आम्ही त्यांना पुनर्नवा मंडूर दिला. वेळ नीट समजावली नाही. त्या दोन्ही गोळ्या सकाळी एकत्रच घेत राहिल्या. दोन महिन्यांत थकवा व मलावष्टंभ वाढला आणि ३ असलेले टीएसएच ११ वर गेले. लोह थायरॉक्सिनला आतड्यातच अडकवून ठेवते, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. मंडूर दुपारच्या भोजनानंतर दिला. मात्रा न बदलता आठ आठवड्यांत टीएसएच पूर्ववत झाले. मंडूर निर्दोष होता, आमचे अज्ञान सदोष होते.

शंख, कपर्दिक, प्रवाळ ही कॅल्शियमप्रधान भस्मेही हेच करतात. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी घ्यावे आणि लोह वा कॅल्शियमचे कल्प त्यानंतर किमान चार तासांनी. औषधी विक्रेत्या बंधूंनी ग्राहकास ‘थायरॉईडची गोळी चालू आहे का?’ एवढे विचारले तरी मोठे कार्य होईल. अश्वगंधेने संप्रेरके वाढल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत. म्हणून तीव्र क्रियेच्या रुग्णास ती ‘शक्तीसाठी’ म्हणून देऊ नये.

सर्वांत गंभीर बाब म्हणजे ‘आयुर्वेद सुरू केला, आता गोळी बंद करा’ हा सल्ला. टी-४ चा अर्धायुकाल सुमारे सात दिवसांचा असल्यामुळे गोळी थांबविल्यावर पहिले काही दिवस रुग्णास फरक जाणवत नाही. त्यास वाटते, काढा लागू पडला. वैद्यासही तसेच वाटते. पुढे सूज, जडत्व व स्वरभेद दिसू लागतो, तोवर हानी सुरू झालेली असते. गर्भवतीच्या बाबतीत तर हा खेळ अक्षम्यच. प्रारंभीच्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ मातेच्या संप्रेरकांवरच अवलंबून असते. नवजात अर्भकात जन्मजात उणीव आढळल्यास पहिल्या दोन आठवड्यांतच थायरॉक्सिन सुरू व्हावयास हवे. तेथे प्रयोगास जागा नाही.

मग आपणांस काम उरत नाही काय? निश्चितच उरते. अग्निमांद्य, मलावष्टंभ, निद्रा, आहार, रजोदोष यांची चिकित्सा आपण करावी, टीएसएचची नोंद ठेवावी आणि मात्रेचा निर्णय तज्ज्ञांशी विचारविनिमय करूनच व्हावा. दर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेला आकडा आपल्या यशापयशाचा प्रामाणिक साक्षीदार असतो. त्यास घाबरणारा वैद्य शास्त्राचा अभिमान बाळगतो असे आम्हांस वाटत नाही. रोगाची परीक्षा आधी आणि औषध नंतर, ही तर आपल्याच आचार्यांची शिकवण आहे. व्यवसायबंधूंनी ती गळ्याच्या या लहानशा ग्रंथीपुरती तरी कटाक्षाने पाळावी, एवढीच नम्र विनंती.