तीर्थ, तहान आणि बदललेले पाऊसमान

आषाढी जवळ आली की पंढरपुरात घरोघरी एकच पृच्छा सुरू होते : यंदा चंद्रभागेला पाणी कसे आहे? प्रस्तुत लेखकाच्या बालपणी, म्हणजे उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे होण्यापूर्वी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असे. मृगाने हजेरी लावलेली असे, आर्द्रेचा पाऊस घाटमाथ्यावर लागलेला असे, आणि गढूळ का होईना, पण वाहते पाणी पुंडलिकाच्या देवळापाशी आलेले असे. वारकरी यावा आणि त्याच्या पाठोपाठ पाणी यावे, असा जणू निसर्गाचाच नेम होता. त्या नेमालाही अपवाद होते. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे. परंतु अपवाद हा अपवाद म्हणूनच ओळखला जाई.

आज तसे म्हणता येत नाही. अलीकडच्या तीनच आषाढी आठवून पाहाव्या. २०२३ मध्ये एकादशी २९ जूनला आली. त्या वर्षी मुंबईतच मोसमी पाऊस २५ जूनला पोचला. पालख्या निम्म्याहून अधिक वाट उन्हातून आल्या आणि उजनी उणे पातळीत होती. पुढे त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२४ मध्ये एकादशी १७ जुलैला होती, तरी धरण अद्याप उणेच होते. आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत ते इतके भरले की नदीत पाणी सोडावे लागले. २०२५ मध्ये पाऊस मे महिन्यातच, २६ तारखेला, मुंबईत दाखल झाला आणि ६ जुलैच्या एकादशीपूर्वीच चंद्रभागा दुथडी भरून वाहू लागली. एकच तिथी, एकच वाळवंट; एका वर्षी घोटभर पाण्याची वाण, तर दुसऱ्या वर्षी पुराचे भय.

पंचांगाने शिकवलेला धडा

आपले पंचांगकर्ते मोठे व्यवहारी होते. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी उणे पडते, हे त्यांनी ओळखले. हा फरक तसाच वाढू दिला असता तर आषाढी कधी थंडीत आणि कधी वैशाखवणव्यात आली असती. म्हणून त्यांनी साधारण तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घातला आणि सणांना ऋतूंशी बांधून ठेवले. आकाश जसे चालते तसे गणित बदलायचे; गणितासाठी आकाशाला दोष द्यायचा नाही, हा त्यातला धडा आहे.

आज पाऊसमानच बदलले आहे. हवा एका अंशाने तापली तर ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. आणि २०२४ हे पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या पातळीहून दीड अंशाने अधिक नोंदवणारे पहिले वर्ष ठरले. अशी हवा पाऊस लांबवते, आणि मग साठवलेले बाष्प थोड्या दिवसांत ओतून मोकळी होते. सोलापूर जिल्हा हा मुळात पर्जन्यछायेचा. वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पंढरपूरची नदी भरते ती भीमाशंकराच्या डोंगरात आणि नीरेच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाने. गावात थेंब नसतानाही पूर येतो, आणि कधी गावातल्याच पावसाने घात होतो. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचे प्राण गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये तर याच अवर्षणप्रवण जिल्ह्यात सीना नदीच्या पुराने गावेच्या गावे वेढली.

ऋतूंचे गणित असे विस्कटले असताना आमची व्यवस्था मात्र जुन्याच कोष्टकावर चालली आहे. यात्रा आली की टँकर मागवायचे, तात्पुरत्या तोट्या बसवायच्या, फिरती शौचालये आणून उभी करायची, आणि पौर्णिमेचा काला झाला की सारे गुंडाळायचे. या व्यवस्थेत अधिक मास घालण्याची वेळ आली आहे.

पाणी आणि शौचकूप ही एकच गोष्ट

काही वर्षांपूर्वी पालखीच्या मुक्कामी एका दिंडीत माझे कीर्तन होते. दुपारचे ऊन कडक होते. एक सत्तरीच्या माउली तुळशीवृंदावन डोक्यावरून उतरवून झाडाखाली बसल्या होत्या, ओठ सुकलेले. मी तांब्या पुढे केला, तर त्यांनी हात जोडले. मी म्हटले, “माउली, एकादशी अजून लांब आहे, पाण्याचा कसला उपास?” त्या संकोचून म्हणाल्या, “बुवा, उपास नाही. पाणी प्यायले तर जायचे कुठे? अंधार पडल्यावर पिईन.”

चाळीस वर्षे मी जलदानाचे माहात्म्य सांगत आलो होतो. त्या एका वाक्याने माझ्या निरूपणातील न्यून माझ्या ध्यानी आले. तांब्याभर पाणी पुढे केले म्हणजे पाणी दिले असे होत नाही. आडोसा नसेल, दार लागणारा शौचकूप नसेल, तर वाटेवरची निम्मी मंडळी, म्हणजे स्त्रिया, उन्हाचा ताप वाढेल तशी तहान दाबत राहणार. मूत्रविकार, घेरी, उष्माघात हे त्याचे फळ. पाणी आणि स्वच्छता असे दोन विभाग सरकारी कागदावर असतात. माणसाच्या देहात ते वेगळे नाहीत.

संस्कृत कोशांत ‘जीवन’ हे पाण्याचे नाव आहे. आणि ‘विष’ हेही पाण्याचेच नाव आहे. कोशकारांच्या मनात काय होते ते असो, चंद्रभागेच्या काठी उभे राहिले की दोन्ही नावे सार्थ वाटतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या महानगरांतील सांडपाणी मुळा, मुठा, इंद्रायणी या वाटांनी भीमेत येते आणि उजनीत साचते. त्यातील पुष्कळसे पुरेशा शुद्धीकरणाविना येते. ज्या आळंदीहून माउलींची पालखी निघते, तेथील इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगताना सर्वांनी पाहिले आहेत. उन्हाळ्यात धरण आटले की तीच घाण थोड्या पाण्यात दाट होते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, शेवाळ माजते आणि पाणी हिरवे पडते. उलट पूर आला की गटारे तुंबून तेच पाणी विहिरींत आणि नळांच्या फुटक्या सांध्यांत शिरते. म्हणजे दुष्काळ आणि पूर हे दोन शत्रू दिसले, तरी दोघांच्या हाती शस्त्र एकच आहे. आणि ते आम्हीच त्यांच्या हाती दिले आहे. २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ या नावाने नदी निर्मळ करण्याचा संकल्प राज्याने सोडला. २०२२ ही त्याची अवधी होती. ती उलटून गेली. संकल्पाचे पाणी हातावरच राहिले.

पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये, थुंकू नये, असा दंडक तैत्तिरीय आरण्यकात आहे. तो पाळावा असे आम्ही व्यासपीठावरून सांगतो. पण ज्याला जायला दुसरी जागाच ठेवलेली नाही, त्याला हा निषेध सांगणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहार सांगण्यासारखे आहे. निषेधाआधी सोय करून देणे, हे सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे.

दामाजीपंतांचे कोठार

आम्ही कीर्तनकार उत्तररंगाला दामाजीपंतांचे आख्यान लावतो. पंधराव्या शतकातली गोष्ट. मंगळवेढे येथून जवळच. दुष्काळ पडला, माणसे अन्नावाचून तडफडू लागली, आणि बीदरच्या बादशहाचा हा अधिकारी आज्ञेची वाट न पाहता सरकारी कोठाराला लावलेले कुलूप काढता झाला. पुढे विठ्ठलाने महाराचा वेष घेऊन रक्कम भरली, तेथे श्रोत्यांचे डोळे पाणावतात.

परंतु या आख्यानातील एक फरक आज लक्षात घेण्याजोगा आहे. दामाजीपंतांना कायदा मोडावा लागला. आजच्या अधिकाऱ्याला केवळ कायदा पाळायचा आहे. शुद्ध पाणी हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितले. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याचा क्रम पहिला आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन योजनेने ग्रामीण भागात माणशी दररोज ५५ लिटर असे माप ठरवले. कोठाराची किल्ली हक्काने जनतेच्या हाती दिलेली आहे. कुलूप तेवढे निघत नाही.

का निघत नाही? उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातील निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे. उरलेल्यावर शेती, कारखाने, शहरे सर्वांचा हात. हा जिल्हा साखर कारखान्यांनी गजबजलेला. ऊस हे बारमाही तहानेचे पीक. शेतकऱ्याला खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. ज्या पिकाला खात्रीचा भाव मिळतो ते तो लावणार, आणि त्याच्याच घरची माणसे दिंडीत चालतात. परंतु पावसाळ्याअखेर साठ्याची वाटणी होते, तेव्हा पुढचा पाऊस वेळेवर येईल असे गृहीत धरले जाते. आणि तो चुकला की पहिली झळ शेवटच्या तोटीला लागते. सोलापूरसारख्या शहराने वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी भरले. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्यावर लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. त्यातून शहर तगले, ही गोष्ट अभिमानाची खरी. पण ज्या व्यवस्थेला पाण्यासाठी रूळ लागतात तिने आधी काय चुकले याचाही विचार करायला हवा.

काय करावे?

पहिली गोष्ट, धरणाच्या वाटणीत पिण्याचे आणि स्वच्छतेचे पाणी आधी बाजूला काढावे. आणि तेही पाऊस महिनाभर लांबेल असे धरून. देवाचा नैवेद्य आधी वाढतात, पानात उरले तर नव्हे.

दुसरी, वरच्या शहरांनी आपले सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे. पंढरपूरची वस्ती २०११ च्या जनगणनेत सुमारे ९९ हजार. एकादशीला येथे त्याच्या दसपटीहून अधिक माणसे येतात. या नगरपरिषदेने महानगरांची घाण निस्तरावी ही अपेक्षा न्यायाची नाही.

तिसरी, शौचालये पक्की, पूररेषेच्या वर आणि पालखीमार्गावरच्या प्रत्येक मुक्कामी बारमाही असावीत. फिरते शौचालय आणणे सोपे. त्याला पाणी कोण देणार आणि त्याची टाकी भरल्यावर मैला कोठे नेऊन रिता करणार, हा खरा प्रश्न. वाटेतल्या ओढ्यातच तो रिता झाला, तर आपण घाण फक्त हलवली. यात्रा संपल्यावर हीच शौचालये गावच्या शाळेला, बाजाराला उपयोगी पडतील.

चौथी गोष्ट सर्वांत आधी सांगायला हवी होती. यात्रेनंतर गाव स्वच्छ करणारी माणसे कोण? हाताने मैला उचलण्याची प्रथा १९९३ आणि पुन्हा २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. या प्रथेविरुद्धच्या जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने पंढरपूरच्या यात्रेची दखल घेतली. वाळवंटातील राहुट्यांवर निर्बंध आले, आणि पलीकडे ६५ एकरांवर वारकऱ्यांचा तळ उभा राहिला. मागणी केली, तर सोय होऊ शकते, याचा हा पुरावा. सफाई करणाऱ्याला यंत्र, हातमोजे, कायम वेतन आणि त्याच्या स्वतःच्या घरी नळ मिळेपर्यंत आपली शुचिता अपुरीच आहे.

कोणी म्हणतील, वारी ही तपश्चर्या आहे, हालअपेष्टा सोसाव्यातच. सोसणे हे भक्ताने स्वेच्छेने पत्करलेले व्रत असते. दुसऱ्याने लादलेली तहान हे व्रत नव्हे. पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, दर्शनासाठी १९४७ मध्ये साने गुरुजींना येथेच उपोषण करावे लागले. ज्या भूमीने हे पाहिले, तिने हक्काच्या गोष्टीला सोसण्याचे नाव देऊ नये.

गाडगेबाबा पंढरीत येत, तेव्हा आधी खराटा हाती घेत आणि गाव झाडून झाल्यावर कीर्तनाला उभे राहत. ज्यांना इतरत्र थारा नव्हता त्यांच्यासाठी त्यांनी येथे चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या स्वाधीन केली. आम्ही कीर्तनकारांनी त्यांचा क्रम उलटा केला : कीर्तन आधी, आणि झाडणे दुसऱ्यावर. यंदा एकादशीला चंद्रभागेच्या पाण्याची पृच्छा होईल, तेव्हा वाचकांनी तिला आणखी एक प्रश्न जोडावा. नदीला पाणी आहे, ते त्या झाडाखालच्या माउलीला निर्धास्तपणे पिता येईल काय? त्याचे उत्तर होकारार्थी येईल, त्या दिवशी या क्षेत्रातील पाण्याला तीर्थ म्हणताना माझी जीभ अडखळणार नाही. इत्यलम्.