काटा येण्याजोगी थंडी



२३ डिसेंबर २०२२ला, शुक्रवारी, शिकागोच्या ओहेअर विमानतळावर पारा उणे ८ फॅरनहाइटवर उतरला, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे २२. वारा धरला तर विचारूच नका. १९८३ साली नाताळच्या आदल्या दिवशी शिकागोत उणे २५ फॅरनहाइट झालं होतं. ती थंडी काढलेले आपल्या मंडळाचे ज्येष्ठ सभासद २०२२च्या थंडीला थंडी म्हणायलाही तयार नाहीत, ते सोडा. विमानं रद्द झाली, भारतात निघालेल्यांच्या बॅगा दारातच राहिल्या, डिव्हॉन रस्त्यावर जाऊन भाजी आणायची कोणाची छाती होईना. तरी आपण सुटलो म्हणायचं. बफेलोत चार फुटांवर बर्फ पडला, माणसं गेली. आपल्याला नुसतं घरात बसायचं होतं. आणि घरात अडकलेलं मराठी कुटुंब तासाभरात ओट्याशी गोळा होतं.

एरवी आपल्याकडचा ओव्हन म्हणजे कढया-परातींचं कपाट. तो रिकामा केला की सुट्टी सुरू झाली! पन्नाशीपुढच्यांना आठवत असेल, दिवाळीत तूप, साखर, मैदा घेऊन गल्लीतल्या बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि संध्याकाळी डबाभर नानकटाई घरी आणायची. भट्टी बेकरीवाल्याची, घरी फार तर वाळू घालून केलेला कुकरमधला केक. इथे भट्टी घरातच आहे आणि थंडीने तूपही छान थिजलेलं असतं. ते वितळवायचं मात्र नाही. बोट रुतेल इतपत मऊ होऊ द्यायचं आणि पिठीसाखर घालून तळहाताने पांढरं होईपर्यंत फेसायचं. मायक्रोवेव्हमध्ये पातळ केलेल्या तुपाची नानकटाई ट्रेभर पसरते, मग त्याला कुकी म्हणून वेळ मारून न्यावी लागते.

माझं मत विचाराल तर फराळ दिवाळीतच झाला पाहिजे हा हट्ट आपण सोडावा. २०२२ साली लक्ष्मीपूजन सोमवारी आलं. ऑफिस, मुलांची शाळा, रात्री आठला कशीबशी पूजा आणि ताटात विकतची चकली. पूजा त्या दिवशीच व्हायला हवी, कबूल. पण भाजणी भाजायला, करंज्यांना मुरड घालायला लागणारी सलग फुरसत इथे नाताळातच मिळते. शिवाय नाताळात करंजी कशी, असं गोव्यात कोणी विचारणार नाही. तिथल्या ख्रिस्ती घरांतून नाताळच्या कुसवारात, म्हणजे फराळाच्या ताटात, नेवऱ्या असतात, काट्याच्या पाठीवर वळलेले कुलकुल असतात, आणि ते ताट शेजारच्या हिंदू घरी जातं. चतुर्थीला त्या घरातून नेवऱ्या आलेल्याच असतात. कुलकुल वळायला मुलांना बसवा. दोन तास आयपॅडची आठवण होत नाही.

पण या हवेचा खरा उपयोग संक्रांतीच्या हलव्याला. काटेरी हलव्याला कोरडी थंडी लागते हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. बाहेरच्या गोठलेल्या हवेत बाष्प मुळातच कमी. तीच हवा आत येऊन तापली की घर कडकडीत कोरडं होतं. ओठ फुटतात, स्वेटर काढताना ठिणग्या उडतात, आणि हलव्यावर पाक चढताचढता वाळतो. परातीत खसखस किंवा तीळ घ्यायचे, आच अगदी मंद ठेवायची, साखरेचा पाक चमच्या-चमच्याने सोडत बोटांनी हलवत राहायचं. घाई करून जास्त पाक ओतला की दाणे चिकटतात आणि काटा बसतो. पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही. दाणे नुसते पांढरे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काटे फुटू लागतात. त्या दिवसांत शेगडीवर रस्सा उकळत ठेवू नका, वाफेने खिडक्या घामेजल्या तर हलवाही दमट होतो. बोटं थोडी भाजतील, त्याला इलाज नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोरन्हाणही आहे. बाळांसाठी मुकुट, हार, बाजूबंद असे हलव्याचे दागिने लागतील. बोरं मिळणार नाहीत, त्यांच्या जागी द्राक्षं आणि मार्शमेलो ठरले आहेत. दागिने तरी घरचे करू. ज्यांचा हलवा जमेल त्यांनी वाटीभर मंडळाच्या कार्यकारिणीकडे पोचवावा. गाठायला सुई-दोरा घेऊन कोण येणार, तेही कळवा.

— संपादक