गुन्हा लेकाचा, शिक्षा आईला

अलिबागपासून मुरूडपर्यंतचा आमचा किनारा बघायला वर्षभर माणसे येतात. त्यांची वाट ठरलेली असते. ओहोटीला चालत कुलाबा किल्ला, गावात कान्होजी आंग्र्यांची समाधी, मग आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा करत मुरूड आणि राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा. मार्गशीर्षात कोणी आले तर चौलची दत्तजत्रा. परत जाताना त्यांच्या वहीत पाच-पंचवीस नावे उतरलेली असतात, आणि ती जवळजवळ सगळी पुरुषांची.

या वाटेवर बाई नाही असे मात्र नाही. ती जागोजागी आहे. शिवीत आहे, पडक्या वाड्याच्या नावात आहे, देवाच्या जन्मकथेत आहे. फक्त तिला नाव नाही, आणि जिथे नाव आहे तिथे ते सांगायला कोणी नाही. आमच्या गटातल्या बायकांना घेऊन मी ही वाट अनेकदा चालले आहे. म्हणूनच हे स्पष्ट लिहिते आहे.

सुरुवात आक्षीपासून करू. आक्षीचा शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि मराठीच्या वयाचा दाखला देताना आक्षीचे नाव अभिमानाने घेतले जाते. जो दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला पडून होता त्याची आठवण झाली, हे चांगलेच झाले.

पण त्यावर लिहिले आहे काय? शिलाहार राजा केसीदेवराय याच्या काळात त्याचा प्रधान भइर्जू सेणुई याने देवीच्या बोडणासाठी नऊ कुवली धान्य लावून दिले, आणि त्याला महालक्ष्मीची आण घातली, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. बोडण म्हणजे काय ते कोकणातल्या बाईला सांगायला नको. देवीपुढे सवाष्णी आणि कुमारिका मिळून दूध, दही, तूप, मध, पुरण कालवतात, ते बोडण. (विधवेला त्यात हात घालू देत नाहीत, हेही सांगून ठेवते.) म्हणजे आमच्या भाषेचा हा इतका जुना कागद बायकांच्या एका विधीचा आहे! कोणत्या शाळेच्या सहलीत हे सांगतात?

आणि दुसरी गोष्ट तर त्याहून सांगत नाहीत. हा दगड गधेगाळ आहे. गधेगाळ म्हणजे दानाच्या दगडावर कोरलेली शिवी. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली बाईवर चढलेले गाढव. चंद्र-सूर्य असेपर्यंत हे दान चालावे, जो ते मोडील त्याच्या आईचे असे होईल, असा त्याचा अर्थ. परळला सापडलेल्या शिलाहार अपरादित्याच्या इ.स. ११८७ च्या लेखात हीच धमकी शब्दांत लिहिली आहे, तीही मराठीत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही कळावे म्हणून चित्र. असे दगड कोकणात आणि घाटावर कितीतरी आहेत. काहींना शेंदूर फासून लोक त्यांची पूजाही करतात.

एकदा असे चित्र बघून आमच्यातली एक मासे विकणारी बाई म्हणाली, "गुन्हा लेकाचा, मग गाढव आईवर का?" इतका नेमका प्रश्न मी कोणत्याही पुस्तकात वाचलेला नाही.

याला विद्वानांची उत्तरे तयार असतात. एक म्हणते, ती तेव्हाची रीत होती, आजची फूटपट्टी लावू नका. दुसरे म्हणते, ती बाई खरी बाई नाही, ती भूमी आहे. राजाज्ञा मोडली तर जमीन नासेल, इतकाच अर्थ. असेल. पण जमिनीची नासधूस दाखवायची तर बाईचेच अंग का सुचले? जमीन आणि बाई या दोन्ही पुरुषाच्या मालकीच्या वस्तू, एकीला हात लावला की दुसरीची विटंबना, हे ज्यांच्या मनात पक्के होते त्यांनाच असे चित्र सुचते. आणि रीत जुनी झाली म्हणता तर एस.टी.च्या थांब्यावर दहा मिनिटे उभे राहा. दोन पुरुषांचे भांडण एकमेकांच्या आईबहिणीवर जायला किती वेळ लागतो ते मोजा. दगडावरचे गाढव झिजले. तोंडातले झिजलेले नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात नेवासे तालुक्यातल्या सौंदाळा गावच्या ग्रामसभेने ठराव केला की जो आईबहिणीवरून शिवी देईल त्याला ५०० रुपये दंड. काही लोक हसले. मला त्या ठरावाचे मोल वाटते. ज्याचे तोंड सुटले त्याच्याच खिशाला चाट. आईच्या अंगावरची शिक्षा उचलून ती करणाऱ्याच्या डोक्यावर ठेवायला आपल्याला हजार वर्षे लागली.

आणि जमिनीचे काय? दान दिलेल्या जमिनीची राखण करायला आईची अब्रू चालत होती. पण जमिनीवर तिचे नाव चालत नव्हते. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. तरीही आमच्या किनाऱ्यावर मुंबईकरांच्या बंगल्यासाठी वाडी विकायची वेळ आली की भाऊ बहिणीला गाडी पाठवून बोलावतो, साडी देतो आणि हक्कसोडीवर सही घेतो. सही केली नाही तर माहेर तुटते. ही आजची आण आहे, आणि तीही बाईलाच घातलेली.

पुढे चौल. पंधराव्या शतकात रशियाचा अफनासी निकितिन या बंदरात उतरला. नंतर पोर्तुगीज आले, त्यांनी रेवदंड्याचा कोट बांधला, तो १७४० साली मराठ्यांकडे आला. हे सगळे सांगितले जाते. याच चौलात पडक्या इमारतींमध्ये एक 'कलावंतिणीचा वाडा' दाखवतात. कोण होती ती? नाव नाही. कलावंतीण हा तिचा धंदा, आणि धंद्यावरून जात. ती गात काय होती, शिकली कोणाकडे, म्हातारपणी तिचे काय झाले, कोणी विचारत नाही. तिच्या नाचण्यावरून डोळे मिचकावून झाले की मंडळी पुढच्या ठिकाणाला निघतात.

भोवाळ्याच्या टेकडीवरची दत्तजत्रा पाच दिवस चालते. जत्रा मला आवडते. सासुरवाशिणीला घराबाहेर पडायचे एवढे एकच निमित्त होते, असे दिवस फार मागे गेलेले नाहीत. पण जन्माची कथाही ऐका. अत्रीच्या घरी तीन देव अतिथी होऊन येतात आणि अनसूयेला विवस्त्र होऊन वाढायला सांगतात, तिचे पातिव्रत्य तपासायला! ती त्यांची बाळे करते आणि त्यांना पाजते. संकटातून वाट काढली बाईने, आणि देवाचे नाव पडले दत्तात्रेय, अत्रीचा मुलगा. मुलाच्या नावापुढे आईचे नाव लावायचा नियम महाराष्ट्र सरकारने २०२४ साली केला. अनसूयेला तोही मिळाला नाही. जत्रेला जरूर जा. पण परीक्षा घेणाऱ्यांना जाब का विचारला नाही, हा प्रश्न त्या पायऱ्यांवर बसून एकमेकींना विचारा.

शेवटी मुरूड. नवाबाचा राजवाडा खासगी आहे, तो रस्त्यावरूनच बघायचा. जंजिऱ्यावर कलालबांगडी तोफेची माहिती पाठ म्हणून दाखवतात. पण १९२२ साली नवाब सिदी अहमदखान वारले, मुलगा अज्ञान होता, आणि १९३३ पर्यंत अकरा वर्षे संस्थानचा कारभार त्याची आई कुलसुम बेगम यांनी पाहिला, हे कोण सांगते? त्यांच्या आधीच्या बेगम नाझली या फैजी घराण्यातल्या, अतिया फैजींची बहीण. १९०८ साली त्या युरोपला गेल्या आणि त्या प्रवासावर त्यांनी उर्दूत 'सैर-ए-युरोप' हे पुस्तक लिहिले. मूल झाले नाही म्हणून नवाबांनी दुसरे लग्न केले आणि नाझलींना जंजिरा सोडावा लागला. एकीला मुलगा नाही म्हणून ती गेली, दुसरी मुलाच्या वतीने गादी सांभाळत राहिली. बाईची किंमत राजवाड्यातही कुशीवरूनच ठरली. तोफेचे नाव पाठ, या दोघींचे नाही.

कोणी म्हणेल, तुम्ही आमच्या वैभवात घाण शोधता. घाण आम्ही कोरलेली नाही. आणि हे दगड फोडा, काढून टाका, असेही आम्ही म्हणत नाही. उलट ते जपा. दगड गेला तर पुरावा गेला.

आमचे मागणे साधे आहे. आक्षीच्या दगडाची माहिती जिथे जिथे लिहाल तिथे बोडण हा शब्द लिहा आणि खालच्या चित्राचा अर्थही लिहा. मुरूडच्या माहितीत नाझली आणि कुलसुम यांची नावे घाला. गावातल्या मुलींना वाटाड्याचे काम शिकवा आणि त्याचे पैसे द्या. जत्रेत दुकान मांडणारीला रात्रभर दिवा, पाणी आणि दार लागेल असा संडास द्या. पाच दिवस ती तिथेच असते.

आणि मैत्रिणींनो, हे सरकारवर सोडून बसू नका. पुढच्या शिबिराची सहल काढाल तेव्हा या वाटेने या. दगडासमोर उभ्या राहा, तरुण मुलींना आणि मुलग्यांनाही घेऊन या, आणि लाजून मान न वळवता त्यावर काय आहे ते मोठ्याने सांगा. हजार वर्षे ज्यांना धमकावण्यासाठी आपले अंग वापरले गेले, त्यांच्याही कानावर ते जाऊ दे.