यकृतातील सूक्ष्म नियंत्रक

शरीरातील बहुतेक सर्व पेशींत जनुकांचा संच एकच असतो. तरीही यकृताची पेशी यकृताचे आणि त्वचेची पेशी त्वचेचेच काम करते, कारण कोणते जनुक केव्हा व किती कार्यरत व्हावे यावर नियंत्रण असते. या नियंत्रणातील एक महत्त्वाचा घटक म्हणजे मायक्रो-आरएनए. १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत त्याचा शोध लावणाऱ्या व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जनुकातील आज्ञा संदेशवाहक आरएनएच्या रूपाने बाहेर येते आणि त्यावरून प्रथिन घडते. जेमतेम २२ दुव्यांचा मायक्रो-आरएनए त्या संदेशाला चिकटतो. मग प्रथिननिर्मिती मंदावते किंवा संदेशच नष्ट होतो.

निरोगी यकृतातील एकूण मायक्रो-आरएनएपैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या ‘१२२’ क्रमांकाच्या रेणूचा असतो. यकृताच्या कर्करोगात अनेक रुग्णांमध्ये तो घटतो. हा रेणू नसलेल्या उंदरांच्या यकृतात प्रथम मेद साचला, दाह झाला आणि पुढे गाठी झाल्या. याउलट ‘२१’ क्रमांकाचा रेणू कर्करोगात वाढतो आणि पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या ‘पीटेन’ या जनुकाचा आवाज दाबतो.

मग यावरून उपचार का होत नाहीत? ‘३४’ क्रमांकाच्या रेणूची प्रतिकृती रुग्णांना देऊन पाहिली गेली. परंतु प्रतिकारशक्तीशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. रक्तातील मायक्रो-आरएनए मोजून निदान करण्याचे संशोधनही चालू आहे; मात्र अशा तपासणीच्या भरवशावर नेहमीची तपासणी टाळू नये.

आरंभी हा कर्करोग बहुधा कोणतेच लक्षण दाखवत नाही. म्हणून घरातील ज्येष्ठांना यकृताचा सिरोसिस असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील अल्फा-फीटोप्रोटीनची तपासणी करावी. दीर्घकालीन ‘हिपॅटायटिस बी’ असल्यास अशी नियमित तपासणी आवश्यक आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. घरातील इतरांनी रक्त तपासून लस घ्यावी. ‘हिपॅटायटिस सी’ आता गोळ्यांनी बहुतांश रुग्णांत बरा होतो. मात्र सिरोसिस झालेला असेल, तर त्यानंतरही तपासणी सोडू नये. मद्य वर्ज्य करावे.

रक्ताची उलटी, काळी शौचास किंवा अचानक आलेला गोंधळलेपणा दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. काविळीची छटा, पोट फुगणे वा वजन घटणे आढळल्यास लवकर डॉक्टरांना दाखवावे. पुढील तपासणीची तारीख औषधांच्या वेळापत्रकाशेजारीच लिहून ठेवावी.